मोबाइलवरील स्थाननोंदी आणि त्यांची जपणूक

महाराष्ट्रातील शेतजमिनीची आधुनिक पद्धतीची मोजणी इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास सुरू झाली. गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी घालून दिलेल्या त्या पद्धतीत मोजणीदार शंकू व साखळी घेऊन बांधाबांधाने हिंडत असे. साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, त्यांस आणे म्हणत. आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा. लांबीरुंदी मोजून झाली की मोजणीदार ती मनात ठेवून कचेरीत परतत नसे. जागच्या जागी, बांधावर बसून, तो ती टिपणात उतरवून घेई. आज हद्दीचा दगड कोणी हलविला किंवा तो नांगराखाली गाडला गेला, तर भूमि अभिलेख खात्याला जुने टिपण काढून ती जागा पुन्हा दाखविता येते, ती बांधावर बसून केलेल्या या लिखाणामुळेच.

मोजणीदाराच्या साखळीची जागा मोबाइलने घेतली आहे असे मात्र नव्हे. तिची जागा घेणारी यंत्रे निराळी आहेत आणि त्यांचा उल्लेख पुढे येईल. परंतु आपण उभे आहोत ती जागा पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कोणती, हे सांगणारे एक साधन आता गावोगाव शेतकऱ्यांच्या खिशात आलेले आहे, ही गोष्ट लहान नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः उभ्या पिकाचा फोटो काढून सात-बारावरील पिकाची नोंद करू लागला व त्या फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जाऊ लागले. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांच्या, तर जिरायती क्षेत्रात दहा हेक्टरांच्या चौकटीमागे मातीचा एक नमुना घ्यावयाचा आणि तो कोठून घेतला ते ठिकाण उपग्रहाच्या साहाय्याने टिपावयाचे, असे ठरविण्यात आले.

या नोंदी सरकारी ॲपमधून सरकारी संगणकावर जातात व तेथे राहतात. परंतु गावपातळीवरील कार्यकर्त्यास आणि शेतकऱ्यास स्वतःच्या उपयोगासाठी ज्या नोंदी हव्या असतात, म्हणजे जमिनीखालून गेलेली पाइपलाइन, गावातील विहिरी व त्यांचे पाणी, मर लागलेला शेताचा तुकडा, कामगंध सापळ्यांच्या जागा, त्या सांभाळणारा दुसरा कोणी नसतो. त्या ज्याच्या त्यानेच सांभाळावयाच्या असतात. आणि नेमके येथेच पुष्कळांचे श्रम पाण्यात जातात.

समजा, एका गावच्या पाणलोटातील सर्व विहिरी, शेततळी व नालाबांध यांच्या जागा टिपण्याचे काम एका कार्यकर्त्याने अंगावर घेतले. चैत्राच्या उन्हात चार दिवस तो हिंडला. प्रत्येक विहिरीच्या काठावर उभे राहून त्याने ॲपमधील बटण दाबले, पडद्यावर लाल खूण उमटली, दोर सोडून पाण्याची पातळी मोजली आणि तो आकडाही त्या खुणेबरोबर लिहिला. चौथ्या दिवशी सायंकाळी नकाशा खुणांनी भरला होता. पाचव्या दिवशी मोबाइलमध्ये जागा उरली नाही अशी सूचना आली, म्हणून घरातील मुलाने नको असलेली चार ॲपे काढून टाकली. त्यांत हेही गेले. ते पुन्हा उतरवून घेण्यास दोन मिनिटेही लागली नाहीत. परंतु उघडून पाहतो तो नकाशा कोरा. विहिरी काही कोठे गेल्या नव्हत्या. पुन्हा हिंडून त्यांच्या जागा टिपता आल्या असत्या. पण त्या चार दिवसांतील पाण्याची पातळी पुन्हा कोठून आणावी? आठवडाभरात उपसा होऊन पाणी आणखी खाली गेलेले. पुढील वर्षीच्या चैत्राशी ताडून पाहण्यासाठी जो आकडा हवा होता, तो कायमचा नाहीसा झाला.

या कार्यकर्त्याचा हलगर्जीपणा झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पडद्यावर खूण दिसली म्हणजे नोंद राहिली, असा त्याचा समज होता, आणि तो समज सार्वत्रिक आहे.

ॲपची कोठी व आपली फाइल

ॲपमध्ये केलेली नोंद प्रथम त्या ॲपच्या स्वतःच्या कोठीत पडते. अँड्रॉइड पद्धतीच्या मोबाइलमध्ये ही कोठी त्या ॲपच्याच मालकीची असते; दुसऱ्या ॲपला तीत डोकावता येत नाही आणि ॲप काढून टाकले की मोबाइल ती कोठी पुसून टाकतो. हा बिघाड नव्हे. मुळात रचनाच तशी आहे आणि एका ॲपची माहिती दुसऱ्याने चोरू नये या दृष्टीने ती योग्यही आहे. काही ॲपे आपल्या नोंदी आपण होऊन इंटरनेटवरील खात्यात साठवितात. तशी सोय आहे किंवा नाही, हे प्रारंभीच पाहून घ्यावे. नुसते गृहीत धरू नये. शिवाय असे खाते ज्याच्या नावाचे व ज्याच्या पासवर्डाचे, त्याच्याचकडे नोंदी राहतात. कार्यकर्त्याची बदली झाली की गावाच्या नोंदी त्याच्याबरोबर जातात.

याकरिता नोंद ॲपबाहेर काढून तिची स्वतंत्र फाइल करणे अगत्याचे आहे. बहुतेक ॲपांत पडद्याच्या कोपऱ्यात तीन ठिपके किंवा तीन आडव्या रेघा असतात. त्या दाबल्यावर जी यादी उघडते तीत ‘एक्स्पोर्ट’, ‘सेव्ह’ किंवा ॲप मराठीतून असल्यास ‘निर्यात करा’ असा पर्याय आढळतो. तो निवडला की फाइल कोठे ठेवावयाची असे विचारले जाते. तेथे मोबाइलमधील ‘डाउनलोड’ अथवा ‘डॉक्युमेंट्स’ हा कप्पा निवडावा. ॲप काढले तरी या कप्प्यांतील फाइल राहते, ती दुसऱ्या ॲपमध्ये उघडता येते आणि तारेने संगणकावरही घेता येते.

ॲपे निवडतानाही थोडा विवेक हवा. ज्यातून नोंद फाइलरूपाने बाहेर काढताच येत नाही, असे ॲप कितीही देखणे असो, कामाचे नाही. ‘जीपीएसलॉगर’ हे ॲप प्रत्येक बिंदू मिळताच तो फाइलीत लिहीत जाते. ‘ओएसएमअँड’ या नकाशाच्या ॲपमध्ये चाललेली वाट फाइल म्हणून ठेवता येते. संगणकावर ‘क्यूजीआयएस’ वापरणाऱ्या कचेऱ्यांना ‘क्यूफील्ड’ सोयीचे पडते. प्रश्नावली भरून घ्यावयाची असेल तर ‘ओडीके कलेक्ट’ हे जुने व कसाला लागलेले साधन आहे. ही सर्व रेंज नसतानाही नोंद करू शकतात.

रेंजविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जागा समजण्यासाठी इंटरनेट लागत नाही. अमेरिकेच्या जीपीएस मालिकेतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवीत असतात; रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि भारताची नाविक याही अशाच मालिका आहेत. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले आणि प्रत्येक संदेशास पोहोचण्यास किती वेळ लागला हे कळले, की मोबाइल आपली जागा स्वतःच हिशेबाने काढतो. रेंज नसेल तर मागील नकाशाचे चित्र उमटत नाही, एवढेच. फरक पडतो तो पहिल्या वेळी. रेंज असताना उपग्रहांचे वेळापत्रक इंटरनेटवरून चटकन मिळते. नसल्यास ते उपग्रहाकडूनच ऐकावे लागते आणि त्यास अर्ध्या मिनिटापासून कित्येक मिनिटांपर्यंत वेळ जातो. म्हणून शिवारात पोहोचताच मोकळ्या आभाळाखाली दोन-चार मिनिटे थांबून मगच पहिली नोंद घ्यावी.

फाइलीत काय असते?

फाइल म्हणजे काही गूढ वस्तू नव्हे. तीत असतात आकडे. उत्तर-दक्षिण जागा सांगणारा अक्षांश, पूर्व-पश्चिम जागा सांगणारा रेखांश, समुद्रसपाटीपासूनची अंदाजी उंची, वेळ आणि आपण दिलेले नाव. सर्वांत साधी सीएसव्ही फाइल उघडली तर एक ओळ अशी दिसेल: विहीर-७, १९.१२३४५, ७४.६७८९०, ५. येथे शेवटचा आकडा पाच मीटरांची संभाव्य चूक दर्शवितो.

दशांश चिन्हापुढील अंकांकडे दुर्लक्ष करू नये. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा तिसऱ्या दशांश स्थळाचा एक अंक म्हणजे १११ मीटर आणि पाचव्या स्थळाचा एक अंक म्हणजे साधारण १.१ मीटर. कोणी कागदावर उतरविताना तीनच अंक लिहून घेतले, तर विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाऊन बसेल. पाच किंवा सहा अंक ठेवावेत. मोबाइलच्या अचूकतेस त्याहून अधिक अंकांचा उपयोग नाही, जरी काही ॲपे दहा-बारा अंक दिमाखाने दाखवितात.

सीएसव्ही फाइल संगणकावरील तक्त्यात सरळ उघडते, म्हणून विहिरी, सापळे, नमुन्याच्या जागा अशा सुट्या बिंदूंना ती बरी. मात्र तीत नावे मराठीत लिहिली असतील, तर एक्सेलमध्ये ती कधी कधी अगम्य चिन्हांच्या रूपाने उघडतात. अशा वेळी फाइल बिघडली असे समजून ती पुसू नये. एक्सेलमधील ‘डेटा’ या भागातून फाइल आत घेऊन अक्षरपद्धती ‘यूटीएफ-८’ अशी निवडली, की नावे नीट दिसू लागतात.

चाललेल्या वाटेसाठी, म्हणजे पाइपलाइन, पाणंद, नाला यांसाठी, जीपीएक्स ही फाइल योग्य. तीत सुटे बिंदू आणि चाललेली वाट यांचे कप्पे वेगळे असतात व प्रत्येक बिंदूची वेळही राहते. गुगल अर्थसारख्या नकाशावर शेत दाखवावयाचे असेल, तर केएमएल फाइल घ्यावी. केएमझेड म्हणजे तीच फाइल आवळून लहान केलेली. जिओजेसन ही संगणकाच्या जाणकारांत चालणारी फाइल होय. कचेरीने मागितली तरच ती काढावी. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाता येते. परंतु जीपीएक्समधून सीएसव्ही करताना काही वेळा वेळेचा रकाना गळतो, हे ध्यानात ठेवून मूळ फाइल मात्र जशीच्या तशी राखावी.

येथे एक खोडकर चूक वारंवार होते. बोलताना अक्षांश आधी व रेखांश मागून सांगण्याची रीत आहे. परंतु केएमएल व जिओजेसन या फाइलींत रेखांश आधी लिहिला जातो. हाताने आकडे भरताना त्यांची अदलाबदल झाली, तर पुण्याजवळील शेत नॉर्वेच्याही उत्तरेस, आर्क्टिक सागरातील बेअर बेटाच्या आसपास, समुद्रात जाऊन पडते! महाराष्ट्रापुरती ही चूक ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. आपल्या राज्यात अक्षांश साडेपंधरा ते बावीस या दरम्यान आणि रेखांश साडेबाहत्तर ते एक्याऐंशी या दरम्यान असतो. अक्षांशाच्या रकान्यात सत्तरीचा आकडा दिसला की अदलाबदल झाली असे खुशाल समजावे.

वेळेचेही असेच. जीपीएक्स फाइलीत वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे नसून जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे लिहिलेली असते, आणि ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. पहाटे चार वाजता पाणी सोडताना घेतलेली नोंद फाइलीत आदल्या दिवशीच्या रात्री साडेदहाची दिसते. रात्रीच्या विजेवर पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांच्या नोंदींत तारखांचा घोळ दिसतो, तो यामुळे. फाइलीतील आकडा बदलू नये. वाचताना साडेपाच तास मिळवावेत.

फोटोवर छापलेली जागा

अलीकडे कामाचा पुरावा म्हणून ज्यावर ठिकाण, तारीख व अक्षांश-रेखांश छापलेले असतात असे फोटो पाठविण्याचा प्रघात पडला आहे. ते पाहण्यास सोयीचे असतात यांत शंका नाही. तथापि फोटोवर छापलेले आकडे हे चित्रच होय. तीस फोटोंवरून नकाशा करावयाचा झाला तर कोणास तरी बसून ते एकेक वाचून लिहावे लागतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘लोकेशन’ चालू ठेवल्यास हेच आकडे फोटोच्या फाइलीत आतल्या बाजूसही लिहिले जातात व संगणक ते आपोआप वाचू शकतो. पण असा फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविला की तो लहान केला जातो आणि आतील जागेची नोंद निघून जाते. फोटोऐवजी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविला तर ती शाबूत राहते. कचेरीत बसून फोटो गोळा करणाऱ्यांनी ही एक गोष्ट सर्वांना सांगून ठेवली, तरी दुहेरी लिखाणाचे कितीतरी तास वाचतील.

चूक किती, आणि तिचा अर्थ काय?

मोकळ्या आभाळाखाली चांगला मोबाइल सुमारे पाच मीटरांच्या आत जागा सांगतो. आंब्याच्या दाट बागेत, उंच भिंतीलगत किंवा दरीच्या कुशीत ही चूक पुष्कळच वाढते. जवळजवळ सर्व ॲपे ही संभाव्य चूक मीटरांत दाखवितात. तो आकडा उतरून स्थिर होईपर्यंत थांबावे व मगच बटण दाबावे. अँड्रॉइडच्या २०२१ मधील बाराव्या आवृत्तीपासून मोबाइल ‘प्रिसाइज’ म्हणजे नेमकी आणि ‘ॲप्रॉक्सिमेट’ म्हणजे ढोबळ अशा दोन प्रकारे जागा देतो. परवानगी विचारताना चुकून ढोबळ निवडले गेले, तर साऱ्या नोंदी कुचकामाच्या ठरतात. बांधाने चालत वाट टिपताना आणखी एक अडचण येते. पडदा मिटला की बॅटरी वाचविण्यासाठी मोबाइल ॲपला झोपवितो आणि नकाशावर शेताचा एक कोपरा छाटल्यासारखी सरळ रेघ उमटते. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपपुरता बॅटरीचा निर्बंध उठवून ठेवावा.

आता क्षेत्रफळाकडे वळू. शेताला फेरी मारली की ॲप एकर-गुंठ्यांत क्षेत्र सांगते, आणि येथेच भांडणाचे बी पेरले जाते. चौरस आकाराच्या एक एकर शेताची बाजू सुमारे ६३.६ मीटर असते. समजा, मोबाइलने प्रत्येक बांध पाच मीटर बाहेर दाखविला. तर बाजू ७३.६ मीटर होऊन ४० गुंठ्यांचे शेत साडेत्रेपन्न गुंठे भरेल. पाच मीटर आत दाखविला, तर तेच सव्वाअठ्ठावीस गुंठ्यांच्या जवळपास येईल. ही टोकाची उदाहरणे झाली. प्रत्यक्षात चूक कधी आत कधी बाहेर होऊन बरीचशी फिटते, आणि दहा एकरांच्या शेतात तर टोकाची चूकही दहा टक्क्यांच्या आसपास राहते. परंतु अर्धा एकर, पाऊण एकर अशा तुकड्यांच्या गावी मोबाइलवरील गुंठ्यांचा भरवसा धरता येत नाही. खत किती आणावे, फवारणीचे औषध किती लागेल, ठिबकची नळी किती घ्यावी, या अंदाजांस तो आकडा पुरेसा आहे. शेजाऱ्याने बांध कोरला किंवा नाही, हे ठरविण्यास तो मुळीच पुरेसा नाही. बांध कोरण्याचा वाद हातावर मोजता येईल इतक्या फुटांचा असतो आणि मोबाइलची चूकच पंधरा-सोळा फुटांची! अशा प्रसंगी भूमि अभिलेख खात्याकडे रीतसर मोजणीचा अर्ज करावा. त्या खात्याची रोव्हर यंत्रे हेच उपग्रह वापरतात, परंतु कायम बसविलेल्या स्थिर केंद्रांकडून दुरुस्ती घेऊन ती काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक जागा देतात. मोबाइलवरील नकाशा घेऊन बांधावर वादास उभे राहणाऱ्या शेतकरी बंधूंना कार्यकर्त्यांनी हा फरक शांतपणे समजावून द्यावा. कित्येक तंटे कचेरीपर्यंत जाण्याचे टळतील.

जेथे ही फाइल खरी उपयोगी पडते

पाच मीटरांची चूक असलेली नोंद मग कशास ठेवावी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर पाइपलाइनीचे. गावात दरवर्षी पाहावयास मिळणारा हा प्रसंग आहे. नदीवरून आणलेली पाइपलाइन फुटते, पाणी भलतीकडेच वर येते आणि जोड शोधण्यासाठी टिकाव-फावडी घेऊन चार माणसे उभी राहतात.

“तात्या, जोड नेमका कोठे आहे?”

“साहेब, त्या बाभळीच्या समोर. आमच्या थोरल्यानं पुरताना मी इथंच उभा होतो.”

बाभूळ दोन वर्षांपूर्वीच तोडलेली असते, थोरला भाऊ हयात नसतो आणि उभ्या उसात दिवसभर चर खणला जातो. पाइप पुरतानाच प्रत्येक जोड, वळण व व्हॉल्व्ह यांची जागा टिपून फाइल केलेली असेल, तर मोबाइल हातात धरून त्या जागेच्या पाच-सहा मीटरांत सहज जाता येते. त्यापुढील नेमकेपणासाठी टेपची जोड द्यावी: नोंदीच्या नावाबरोबर ‘विहिरीच्या पूर्व काठापासून ३२ फूट, विजेच्या खांबापासून १९ फूट, खोली अडीच फूट’ असे लिहून ठेवावे. टेपने मोजण्यासाठी झाड धरू नये. विहिरीचा कठडा, खांब, पक्के घर अशी न हलणारी वस्तू धरावी. मोबाइल शिवारातून त्या जागेशी नेतो आणि टेप जोडावर.

रोगाच्या बाबतीतही असेच. तुरीवरील मर रोगाची बुरशी जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहते. यंदा ज्या तुकड्यात झाडे वाळली, त्याच तुकड्यात पुन्हा तूर पडली तर नुकसान पुन्हा ओढवते. परंतु शेत नांगरून झाल्यावर तो तुकडा नजरेस ओळखू येत नाही. वाळलेल्या झाडांभोवती फेरी मारून ती वाट वर्षाचे नाव देऊन ठेवली, तर दोन-तीन हंगामांच्या फेऱ्या एकाच नकाशावर एकमेकींवर ठेवून रोग पसरतो आहे की जागीच आहे, हे डोळ्यांनी दिसते. हुमणीचा उपद्रव, चोपण होत चाललेली जमीन, पाणी साचणारा खोलगा यांसही हाच उपाय लागू पडतो. मातीचा नमुना दर तीन वर्षांनी त्याच ठिकाणाहून घेतला तरच जमीन सुधारली की खालावली याची खरी तुलना होते. तेथेही मागील नोंद हाताशी हवी. नमुना घेताना बांध, झाडाखालची जागा व खताच्या ढिगाची जागा टाळण्याचा जुना नियम मोबाइल आला म्हणून सुटलेला नाही.

अशा फाइली एकत्र आल्या म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण २०२० च्या टोळधाडीचे आहे. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस वाळवंटी टोळांचे थवे मध्य प्रदेशातून विदर्भात, अमरावती व नागपूर जिल्ह्यांत उतरले. टोळ एका रात्री एका ठिकाणी, तर दुसऱ्या रात्री दुसरीकडेच. कोठे, केव्हा व किती दिसले याची नोंद वेळेवर पुढे गेली तरच वाऱ्याच्या दिशेवरून पुढील मुक्काम सांगता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने टोळांच्या सर्वेक्षणासाठी ‘ईलोकस्ट’ या नावाची साधने पूर्वीपासून वापरात आणली होती. २०२० साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या साहाय्याने तिने साध्या मोबाइलवर चालणारे ‘ईलोकस्ट३एम’ हे ॲप तयार केले. रेंज नसलेल्या ओसाड भागात त्यातील नोंद मोबाइलमध्ये थांबून राहते आणि रेंज मिळताच पुढे जाते. सर्वेक्षण करणारा मनुष्य वाळवंटात असताना त्याची नोंद हरवू नये, याचा विचार तेथे प्रथम केलेला आहे.

जपणूक

फाइल तयार झाली असा संदेश पडद्यावर येणे आणि फाइल उघडून पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाव सोडण्यापूर्वी फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडावी व बिंदू मोजावेत. चाळीस विहिरी टिपल्या आणि फाइलीत अडतीस निघाल्या, तर उरलेल्या दोन त्याच दिवशी मिळतील. महिन्याने मिळणार नाहीत. वाट टिपत असताना मोबाइल बंद पडला, तर जीपीएक्स फाइलीची अखेरची ओळ लिहिली जात नाही व ती ‘उघडत नाही’ असे दिसते. अशी फाइल फेकू नये. तिच्यातील बिंदू बहुधा सुरक्षित असतात आणि संगणक जाणणारा मनुष्य तुटलेली अखेर जोडून देऊ शकतो.

नाव देताना वर्ष आधी लिहावे, मग महिना, मग दिवस. त्यामागून गाव, गट क्रमांक व विषय. ‘२०२५-०४-१४, गट ११२, पाइपलाइन’ असे नाव असले की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. ‘नवीन’, ‘शेवटची’, ‘शेवटची-२’ असली नावे देऊन ठेवलेल्या फाइलींतून पुढे कोणास काही सापडत नाही, हा कचेऱ्यांचा जुना अनुभव आहे.

एक प्रत मोबाइलमध्ये, दुसरी पेन ड्राइव्ह किंवा कचेरीच्या संगणकावर, तिसरी स्वतःच्याच ई-मेलवर पाठवून, अशा तीन ठिकाणी प्रती असाव्यात. शेतकऱ्याच्या कामाची जी नोंद असेल, तिचे आकडे कागदावर छापून त्यास द्यावेत. सात-बारा, वीजबिले व कर्जाची कागदपत्रे ज्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत हा कागदही राहील. मोबाइल तीन-चार वर्षांत बदलतो, पाइपलाइन तीस वर्षे जमिनीत असते.

दुसऱ्याच्या शेतातील नोंद त्यास विचारल्याशिवाय गावच्या गटावर टाकू नये. विहीर, मोटार, घर व गोठा कोठे आहे आणि घरधनी कोणत्या वेळी कोठे असतो, एवढे सारे अशा फाइलीतून कळते. मोटारींच्या चोऱ्या होणाऱ्या गावांना यापेक्षा अधिक सांगावयास नको.

पाइपलाइनीची नोंद चर उघडा असतानाच घ्यावयाची असते. रब्बी निघाल्यावर एप्रिल-मे महिन्यांत पाइप टाकण्याची कामे होतात. मिस्त्री जोड बसवून पुढे जातो आणि मागून येणारा ट्रॅक्टर लगोलग चर बुजवीत येतो. त्या दोहोंच्या मध्ये मोबाइल व टेप घेऊन घरातील एखादे शिकलेले मूल उभे करावे. प्रत्येक जोडापाशी त्यास पाच मिनिटेही लागणार नाहीत, मात्र ट्रॅक्टरवाल्यास तेवढे थांबण्यास आधीच सांगून ठेवावे.